हात केला होता त्यांनी

कुडाळहून मालवणला जाताना नेरूरपारचा पूल ओलांडला की काळसेच्या बाजूला रस्ता थोडा वर चढतो, दोनतीन वळणं घेतो आणि मग एक असा उतार लागतो की पायडल मारायचंच विसरायला होतं. डिसेंबरातला रविवार, सकाळचे सव्वासात वाजले असतील. मी हँडलच्या खालच्या वळणावर हात धरून, मान खाली घालून त्या उतारावरून सुटलो होतो. कडेला एका घराच्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, एक म्हातारे गृहस्थ उभे होते, अंगात बंडी, खांद्यावर पंचा, डोक्याला मफलर गुंडाळलेला. त्यांनी हात केला. म्हणजे नुसता हलवला नाही, एस्टीला करतात तसा, आडवा, तळवा जमिनीकडे करून दोनदा खाली दाबल्यासारखा. मी पण एक हात सोडून वर केला, बहुतेक हसलो पण, आणि तसाच वाऱ्यासारखा पुढे गेलो. पुढचं वळण आलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की तो रामराम नव्हता. ते थांब म्हणत होते.

आता थांबायला काय झालं होतं, असं कुणीही विचारेल. कारणं होती, त्या वेळी खरी वाटणारी होती. बूट पायडलला अडकलेले असतात, टाच बाहेर वळवल्याशिवाय सुटत नाहीत. वेग 40च्या वर होता, कडेला लाल मातीची बारीक खडी पसरलेली, एकदम ब्रेक मारला तर मागचं चाक घसरणार. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पुढचा चढ. कोकणात सपाट रस्ता म्हणून नाहीच, एक घाटी उतरलो की लगेच दुसरी समोर उभी, त्यामुळे उतारावर जी गती मिळते ती म्हणजे पुढच्या चढाची अर्धी मजुरी आधीच हातात पडल्यासारखी असते. ब्रेक लावला की ती गेली. शिवाय हँडलवरच्या मीटरवर ॲव्हरेज 24.6 दिसत होतं आणि मला त्या दिवशी मालवणपर्यंत ते 24च्या खाली जाऊ द्यायचं नव्हतं. वळणानंतर वाटलं की मागे फिरावं. दोन क्षण पायडल मारायचं थांबवलं सुद्धा. मग चढ आला आणि मी गिअर बदलला.

पण हात केला होता त्यांनी.

त्या दिवसाची सुरुवात इतकी छान झाली होती की आत्ता लिहिताना पण ती सकाळ अंगावर येते. कुडाळातून निघालो तेव्हा पाच वाजून गेले होते, अंधारच होता. जत्रेचे दिवस, कुठल्यातरी गावात दशावतारी दहीकाला रात्रभर चालू असणारच. नेरूरच्या रस्त्याला लागलो तर समोरून माणसं चालत येताना दिसायला लागली, आधी बॅटरीचा उजेड हलताना दिसायचा, मग कानटोप्या, शाली, खांद्यावर झोपलेली पोरं, हातात खाज्याच्या पुड्या. रात्रभर जागून दशावतार बघून आलेली माणसं वेगळीच दिसतात, डोळे लाल पण चेहऱ्यावर काहीतरी अजून चालू असतं. गुळ-आल्याचा तो खाज्याचा वास त्या थंडीत नाकात शिरला आणि मला एकदम सात वर्षांचा असल्यासारखं झालं. त्यातल्या एकदोघांनी मला हाक पण मारली, "खंय चललंस इतक्या फाटफटी?" मी ओरडून सांगितलं, मालवण, आणि माझाच आवाज पुढे वाऱ्यावर गेला.

आधी सरळ मालवणला न जाता वालावलला वाकडी वाट केली, कारण त्या लक्ष्मीनारायणाच्या देवळाशेजारचं तळं उजाडताना बघायचं होतं. माझी ही जुनी खोड आहे, सायकलवर निघालो की पाणी बघत जायचं. आमच्या भागात ते सोपं पण आहे. कुडाळात जिला भंगसाळ म्हणतात तीच नदी पुढे कर्ली होते, रुंद होते, संथ होते, भरतीचं पाणी घेत घेत देवबागला समुद्रात शिरते, आणि तिच्या दोन्ही अंगांना हे तळ्यांचे गाव, पाट, वालावल, धामापूर. नदी पळती आणि तळी बसलेली. वालावलचं तळं त्या पहाटे अगदी काळं होतं, मग करडं झालं, मग माडांचे शेंडे त्यात उलटे दिसायला लागले आणि कुणीतरी पायरीवर कळशी घासायला आलं तेव्हा ते सगळे माड एकदम हलले. मी अर्धा तास बसलो. म्हणजे तळ्यासाठी मी थांबलो होतो, हे मला नंतर फार लागलं.

नेरूरपारच्या पुलावर आलो तेव्हा धुकं पाण्यावरून उठत होतं. ओहोटी होती, चिखलाचे पट्टे उघडे पडलेले, कमरेएवढ्या पाण्यात दोन बायका वाकून मुळे, म्हणजे शिंपल्या, काढत होत्या, त्यांची टोपली बाजूला पाण्यावर तरंगत होती आणि तिला दोरीने कमरेला बांधलं होतं, एक पाऊल पुढे गेल्या की टोपली मागून येणार. पुलावर खारट-कुजकट असा तो खाडीचा वास, जो बाहेरच्या माणसाला आवडत नाही आणि आम्हाला कुठेही आला तरी घरी आल्यासारखं वाटतं. वाळूचा एक डंपर मागून आला, पूल थरथरला, गेला. पुन्हा शांत. त्यानंतर चढ, वळणं, तो उतार आणि ते गृहस्थ.

बाबा वायरमन होते. हे इथे का सांगतोय ते मलाही लिहायला लागल्यावरच कळलं. नेरूर, वालावल, चेंदवण, कवठी, ही सगळी गावं त्यांच्याकडे कधी ना कधी होती, आणि त्यांच्याकडे एक काळी हर्क्युलस होती, मागे कॅरिअरला दोरखंडाचं वेटोळं, हँडलला पिशवीत पक्कड, टेस्टर आणि फ्यूजच्या तारेची गुंडाळी. रविवारी कधीकधी मला दांडीवर बसवून न्यायचे. दांडीवर बसलं की मांड्यांना रग लागते, पाय बधिर होतात, त्यातून बाबा दर फर्लांगाला थांबणार. कुणीतरी गडग्यापाशी उभा राहून हात करणार, "वायरमनानू, वायच बघून जावा, काल रातीपासून लाईट नाय" आणि बाबा थांबणार. त्यांची थांबायची एक पद्धत होती, सायकल जराशी तिरकी करायची, डावा पाय जमिनीला, उजवा पायडलवर तसाच, म्हणजे आत्ता निघणारच आहे असं दाखवायचं, आणि मग पंधरा मिनिटं तसंच उभं राहून बोलायचं. एकदा मी मोजलं होतं. नेरूरपासून घरापर्यंत 11 वेळा. त्या दिवशी दूरदर्शनवर मॅच होती आणि घरी पोचेपर्यंत ती संपली होती, मी रडलो होतो. आई भाकरी झाकून बसलेली असायची आणि बाबा कॅरिअरला कुणीतरी दिलेलं तवसं नाहीतर आमसुलांची पुडी बांधून येणार.

गंमत अशी की त्या थांबण्यांतली निम्मी लाईटसाठी नसायचीच. मुंबईहून मुलाचं पत्र आलंय जरा वाचून दाखवा. म्हैस दोन दिवस खात नाही, गुरांचा डॉक्टर कुठल्या वारी येतो. पलीकडच्या वाडीत जाताय तर माझ्या जावेला सांगा उद्या नको येऊ. बाबांना या सगळ्यातलं काय कळायचं आणि काय नाही देव जाणे, पण हात केलेल्या माणसाला ओलांडून ते गेले असं मी एकदाही बघितलं नाही. मृगाचा पाऊस अंगावर घेत, गमबूट पाण्याने भरलेले, तरी डावा पाय जमिनीला टेकायचाच. लहानपणी मला वाटायचं सायकल चालवायची हीच पद्धत आहे, थोडं चालवायचं, थांबायचं, बोलायचं, परत चालवायचं. बाबा गेल्यावर ती हर्क्युलस दोन वर्षं पडवीत उभी होती, मग एका भंगारवाल्याला दिली. किलोवर दिली. ते पैसे मी कशाला वापरले तेही आठवत नाही.

धामापूरला पोचलो तेव्हा ॲव्हरेज 24.3 होतं. भगवतीच्या देवळाच्या बाजूने तळ्याच्या पायऱ्यांवर उतरून बसलो, बूट काढले, पाय पाण्यात सोडले. एरवी हे माझं सगळ्यात आवडतं ठिकाण. दोन डोंगरांच्या मधला व्हाळ, म्हणजे ओढा, बांध घालून अडवला, 1530 साली, विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी, आणि जवळपास 500 वर्षं ते पाणी तिथे बसलंय. नुसतं दिसायला सुंदर म्हणून बांधलेलं नाही, खालच्या शेतांना आणि बागांना भिजवायला बांधलेलं, आणि अजून भिजवतंय. 2020 मध्ये त्याला सिंचनाच्या जागतिक वारशात स्थान मिळालं तेव्हा आम्ही कुडाळकरसुद्धा असे खूश झालो होतो की जसं काही बांधाला एखादा दगड आम्हीच लावला होता. चारी बाजूंनी झाडी इतकी दाट की पाण्याला स्वतःचा रंगच नाही, जे वर आहे तोच रंग. मी त्या पाण्याकडे बघत बसलो होतो आणि मला दिसत होता आडवा हात, दोनदा खाली दाबलेला.

या तळ्याची एक गोष्ट आमच्याकडे सगळ्यांनी ऐकलेली असते. लग्नाच्या घरी दागिने नसले की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि परडी तळ्यात सोडायची. ती बुडायची आणि वर यायची तेव्हा आत सोन्याचे दागिने. लग्न झालं की परत नेऊन द्यायचे. मग कुणीतरी परत दिले नाहीत आणि तळ्याने द्यायचं बंद केलं. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा तिचा सगळा राग त्या न देणाऱ्यावर असायचा. मला मात्र त्या सकाळी वेगळीच बाई डोळ्यासमोर आली, त्याच्यानंतरची, जिला यातलं काही माहीत नाही, जी नेहमीसारखी फुलं ओवून परडी घेऊन आली असेल आणि पायरीवर दिवस वर येईपर्यंत वाट बघत बसली असेल. मागणाऱ्याचं काय होतं ते गोष्टीत येत नाही.

त्यांना काय हवं असेल? छातीत दुखत असेल का. घरात कुणी पडलं असेल आणि फोनला रेंज नसेल. किंवा पुढे रस्त्यावर झाड पडलंय, सांभाळून जा, एवढंच सांगायचं असेल, पण झाड तर नव्हतं. किंवा मला कुणी दुसराच समजले असतील. असं एकेक उलगडत बसलो की माणूस जातच राहतो.

तिथूनही मागे फिरता आलं असतं, फार तर वीस मिनिटांचा रस्ता. नाही फिरलो. चौके, कुंभारमाठ करत मालवणात उतरलो. जेट्टीवर माशांचे लिलाव संपत आले होते, बांगड्यांच्या टोपल्या, बर्फाचं पाणी पायाखालून वाहत होतं, गाबतीण बायकांचा आरडाओरडा, समोर सिंधुदुर्ग. 25 नोव्हेंबर 1664 ला पाया घातलेला किल्ला, आणि तरी धामापूरचा बांध त्याच्याहून 134 वर्षांनी जुना आहे हे मला दर वेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं. किल्ल्यात चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. नावं कुणी ठेवली असतील तो माणूस खरा तहानेला असणार. उसळपाव खाल्ला, चहा प्यालो, परत निघालो. जाताना त्या गडग्यापाशी सायकल अगदी हळू केली. कुणी नव्हतं. अंगणात वाळत घातलेलं एक धोतर आणि दार पुढे लोटलेलं. मी थांबलो नाही, कारण थांबून काय विचारायचं ते कळेना.

तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात काम करताना मध्येच ते दार आठवायचं. सकाळी पेपर आला की आधी निधनवार्ता बघायचो, काळसे गाव दिसतंय का ते. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "अरे पिशवी द्यायची असेल कुणाला, नाहीतर काय," आणि ते खरंच असणार हे मलाही पटत होतं, पण पटून काही होईना. ॲपवर त्या राइडला पंचवीसेक लाइक आले होते. त्या उताराच्या तुकड्यावर माझा आतापर्यंतचा सगळ्यात कमी वेळ लागला होता, त्यासाठी ॲपने एक छोटासा चांदीचा बिल्ला दिला होता. मी तो बराच वेळ बघत बसलो. मग एका रात्री जाऊन बूट बदलले, म्हणजे क्लीटवाले काढून ठेवले आणि जुने साधे पायडल लावले, का ते बायकोला पण नीट सांगता आलं नाही.

पुढच्या रविवारी मी कुठेही वाकडी वाट केली नाही. कुडाळ, नेरूर, पूल, चढ. उतार सुरू व्हायच्या आधीच ब्रेक धरले. ते गडग्यापाशी नव्हते, परसात होते, केळीच्या सोपाच्या दोऱ्या सुकवत बसले होते. मी बेडं उघडून आत गेलो, हेल्मेट काढलं आणि म्हटलं, "काकानू, गेल्या ऐतवारी तुमी माका हात केलात. मी थांबलंय नाय."

त्यांनी माझ्याकडे वर बघितलं, खूप वेळ बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदूची झाक होती. "केलो असात बाबा," ते म्हणाले, "माका काय आठवना नाय. कायतरी देवचा असात." मग एकदम त्यांना मी उभा आहे ते लक्षात आल्यासारखं, "बस मरे. पाणी पितलंस?"

मी बसलो. पाणी आलं, पाठोपाठ गूळ आला. मग ते उठले, वाफ्यात गेले, तांबड्या भाजीच्या चार जुड्या उपटल्या, मुळांची माती झटकली, डोणीवर धुतल्या, मला वाटलं मलाच देतायत. त्यांनी त्या एका जुन्या कापडी पिशवीत घातल्या, पिशवीचं तोंड केळीच्या दोरीने बांधलं. बांधताना बघत होतो मी. उजव्या हाताची दोन बोटं धड वळत नव्हती, म्हणून दोरीचं एक टोक दातात धरून, दुसरं अंगठ्याभोवती घेऊन, आतून एक फेरा, मग वरून एक, मग उलटा ओढून घट्ट. अशी गाठ मी कुठे बघितली नव्हती. "धामापुराक जातंस मा? ही माझ्या भयणीक दे. तळ्याच्या अलीकडे, देवळाच्या वाटेर, दारात उंडीचा झाड आसा."

पिशवी हँडलला अडकवली. पिशवी लटकत असली की जोरात जाता येत नाही, प्रत्येक पायडलला ती गुडघ्याला लागते, पाला ओला असल्यामुळे थोड्या वेळात पँट भिजली आणि भाजीचा तो हिरवा मातकट वास वर यायला लागला. चढावर उतरून सायकल हातात धरून चाललो. मीटर बघितलाच नाही असं म्हणणार नाही, एकदा बघितला, 16 होतं.

उंडीचं झाड सापडलं. पडवीत एक आजी भात पाखडत होत्या, भावाहून थोड्या मोठ्याच असतील. पिशवी पुढे केली. "कोणी दिलान?" त्यांनी विचारलं, आणि मला तेव्हा कळलं की मी त्यांचं नाव विचारलंच नव्हतं. काळसेच्या उतारावर, गडग्याला लागून घर, परसात केळी, असं काहीतरी सांगायला लागलो. त्यांचं माझ्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. पिशवी मांडीवर घेऊन त्या गाठीवरून अंगठा फिरवत होत्या.

"ही त्याचीच," म्हणाल्या. "दुसऱ्याक सुटाची नाय."

सूप बाजूला ठेवलं, नखाने एक फेरा सैल केला, मग दुसरा, आणि ती दोरी न तोडता अख्खी सोडवली. बोटाभोवती गुंडाळली आणि खिडकीच्या गजाला अडकवली. तिथे तशाच बऱ्याच दोऱ्या होत्या, जुन्या, वाळून तपकिरी झालेल्या, एकावर एक.